पोकेमॉन कार्डांच्या स्पर्धेत उतरायचंय? मग आधी साठ कार्डं मोजायला शिका

डाव हरल्यावर नवखा खेळाडू बहुतेक वेळा दोनच कारणं सांगतो. एक, हवी ती कार्डं आली नाहीत. दोन, डेकच, म्हणजे खेळायला घेतलेला साठ कार्डांचा गठ्ठाच, कमजोर आहे. कधीकधी हे खरंही असतं. पण कार्डं न येण्याची शक्यता किती होती हे आधीच मोजता येतं, आणि ते मोजल्यावर लक्षात येतं की बरेच डाव नशिबाने नाही तर आपल्याच एखाद्या टर्नमुळे गेले. तो टर्न बहुतेकदा शेवटचा नसतो, दोन-तीन टर्न आधीचा असतो. तो शोधायची सवय लागावी म्हणून हा लेख आहे. नियम माहीत आहेत, मित्रांबरोबर खेळून झालंय, आता स्पर्धेत नीट खेळायचंय, अशांसाठी.

पहिली पायरी: एक डेक घ्या, वीस डाव त्यातलं एकही कार्ड बदलू नका

नवीन डेक स्वतःच्या मनाने बनवू नका. अलीकडच्या मोठ्या स्पर्धेत वर आलेली यादी जशीच्या तशी उतरवून घ्या. त्या यादीतलं प्रत्येक कार्ड कुणीतरी शेकडो डाव खेळून तिथे ठेवलेलं असतं. "हे एकच का?", "हे चार का?" या प्रश्नांची उत्तरं खेळताना मिळतात, यादी बघून मिळत नाहीत. तिसऱ्याच डावानंतर कार्ड काढून दुसरं घातलं, तर ते का होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

यादी घेताना कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा. स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या प्रकारात कोणती अक्षरं चालतात ते ठरलेलं असतं आणि ठरावीक काळाने जुनी अक्षरं बाद होतात. हातात आलेली जुनी यादी सुंदर असेल, पण स्पर्धेत चालणार नाही.

या लेखात उदाहरण म्हणून ड्रॅगापल्ट ईएक्सचा डेक धरला आहे (ईएक्स म्हणजे नेहमीपेक्षा ताकदवान पोकेमॉन). ड्रीपीवरून ड्रॅकलोक, ड्रॅकलोकवरून ड्रॅगापल्ट, अशी ही तीन टप्प्यांची साखळी २०२४ मध्ये आली. शिकण्यासाठी ती उत्तम आहे, कारण या डेकमध्ये प्रत्येक टर्नला काहीतरी ठरवावं लागतं. नुसतं जोरात मारून जिंकणारा डेक सुरुवातीला जास्त डाव जिंकून देईल, पण शिकवेल कमी.

कार्डं जमवताना

गल्लीतल्या स्टेशनरीच्या किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सोनेरी, प्लॅस्टिकसारखी चकचकीत कार्डं खोटी असतात. स्पर्धेत ती चालत नाहीत. साध्या छपाईतली खोटी कार्डं ओळखायची तर मागची बाजू खऱ्या कार्डाशेजारी धरून बघा. निळ्या रंगात फरक दिसतो आणि पुढची बारीक अक्षरं फिकट किंवा पुसट असतात.

पैसे घालण्याआधी डेक आवडतो का ते तपासा. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे ॲप फुकट आहे आणि त्यात सुरुवातीलाच खेळण्याजोगे डेक मिळतात. घरी समोरासमोर सराव करायचा असेल तर कार्डांच्या चित्रांची झेरॉक्स काढा, ६३ गुणिले ८८ मिलिमीटर मापाने कापा आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या खोळीत, एखाद्या निरुपयोगी कार्डावर ठेवा. सरावाला एवढं पुरतं. स्पर्धेला मात्र खरीच कार्डं लागतात.

एक गोष्ट मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या खेळाडूंनी विशेष लक्षात ठेवावी. दमट हवेत चकाकीची कार्डं वाकतात. डेकमध्ये साठांपैकी तीनच कार्डं चकाकीची असतील आणि ती वाकलेली असतील, तर डेक कापताना नेमकी तिथेच फट पडते. तुमच्या मनात काही नसलं तरी पंचांच्या लेखी ती खूण केलेली कार्डं ठरू शकतात. पावसाळ्यात त्या कार्डांच्या साध्या प्रती वापरा, डेक घट्ट बंद होणाऱ्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा आणि स्लीव्ह एकाच पाकिटातल्या घ्या. साठ भरल्यावर उरलेल्या स्लीव्ह बरोबर न्या, मध्येच एखादी फाटली तर लागतील.

दुसरी पायरी: नशीब मोजा

डावाच्या सुरुवातीला साठांतली सात कार्डं हातात येतात. डेकमध्ये एखादं कार्ड चार प्रतींत असेल, तर त्यातलं निदान एक पहिल्या सातांत येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. म्हणजे चार प्रती असूनही दहापैकी सहा डावांत ते सुरुवातीला हातात नसणार. "चार घातली तरी आलं नाही" ही तक्रार इथेच संपते.

बेसिक, म्हणजे विकसित न करता थेट उतरवता येणारे, पोकेमॉन किती ठेवायचे याचाही हिशेब आहे. सातांत एकही बेसिक नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला दर वेळी एक जादा कार्ड घेता येतं. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर हे सुमारे ३५ टक्के वेळा होतं, १० असतील तर २६ टक्के, १२ असतील तर १९ टक्के. म्हणून यादीतला "उगाच घातलेला" वाटणारा बेसिक काढताना दोनदा विचार करा.

तिसरा आकडा पाठच करा. सुरुवातीला सहा कार्डं प्राइझ म्हणून उलटी ठेवतात आणि समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं उचलतात, म्हणजे एकाच प्रतीचं कार्ड तिथे अडकण्याची शक्यता १० टक्के. एस स्पेक हे खास ताकदीचं कार्ड तर नियमानेच अख्ख्या डेकमध्ये एक असतं. दर दहा डावांत साधारण एकदा ते तुमच्याकडे नसणारच, आणि त्याच्याशिवाय कसं खेळायचं ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे. चार प्रतींच्या कार्डातलं निदान एक प्राइझमध्ये असण्याची शक्यता ३५ टक्के आहे. दोन प्रती असतील तर दोन्ही तिथे जाण्याची शक्यता मात्र एक टक्क्याहूनही कमी. ज्या कार्डावाचून डाव अडतो त्याच्या दोन प्रती यादीत का असतात, ते आता कळेल.

तिसरी पायरी: प्राइझमध्ये काय गेलं ते ओळखा

डेकमध्ये शोधायची पहिली संधी मिळते, बडी-बडी पॉफिन किंवा अल्ट्रा बॉल ही पोकेमॉन शोधून देणारी कार्डं खेळल्यावर, तेव्हा नवखा खेळाडू हवं ते कार्ड उचलतो आणि डेक बंद करतो. अनुभवी खेळाडू त्याच वेळी काय नाही ते बघतो. ही सवय दोन आठवड्यांत लागते.

घरी असा सराव करा. डेक पिसा, सात हातात घ्या, सहा बाजूला उलटी ठेवा. उरलेली ४७ कार्डं एक मिनिटात चाळा आणि प्राइझमधली जितकी सांगता येतील तितकी कागदावर लिहा. मग उलटून बघा. रोज पाच वेळा. सुरुवातीला सहापैकी दोन बरोबर आली तरी चालेल.

चाळताना सगळं मोजू नका, क्रम ठरवा. आधी एकाच प्रतीची कार्डं, मग मुख्य साखळी, म्हणजे ड्रीपी, ड्रॅकलोक, ड्रॅगापल्ट, आणि मग एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची कार्डं. ड्रॅगापल्टच्या हल्ल्याला एक अग्नी आणि एक सायकिक एनर्जी लागते, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या किती शिल्लक आहेत हे माहीत नसेल तर तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी पंचाईत होते. हातातली कार्डं हिशेबात धरायला विसरू नका. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. स्पर्धेत फार वेळ चाळत बसलात तर पंच टोकतात, म्हणून मिनिटाची मर्यादा घरीच पाळा.

चौथी पायरी: टर्नमधला क्रम

सगळ्यात जास्त डाव इथे जातात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच कार्डं, तोच टर्न, पण क्रम वेगळा, आणि हातात एक कार्ड कमी.

ड्रॅकलोकची क्षमता बघा. टर्नमध्ये एकदा डेकच्या वरची दोन कार्डं बघायची, एक हातात घ्यायचं, दुसरं डेकच्या तळाशी ठेवायचं. बेंचवर, म्हणजे पुढे लढणाऱ्या पोकेमॉनच्या मागच्या राखीव जागेत, दोन ड्रॅकलोक असतील तर दोनदा. नवख्यांची पहिली चूक अशी की उत्साहाने ड्रॅकलोकवर ड्रॅगापल्ट ठेवून मोकळे होतात. क्षमता वापरायच्या आधीच ती झाकली गेली, एक कार्ड फुकट गेलं. आधी बघा, मग विकसित करा. याच टर्नला ड्रीपीवरून ड्रॅकलोक झाला असेल तरी त्याची क्षमता लगेच वापरता येते, हेही पुष्कळ जण विसरतात. मधला टप्पा गाळू देणाऱ्या रेअर कँडी या कार्डाने ड्रीपीवरून थेट ड्रॅगापल्टवर उडी मारली तर ही क्षमता त्या पोकेमॉनकडून मिळतच नाही. म्हणून वेगाची गरज नसेल तिथे कँडी राखून ठेवा.

आता बारीक गोष्ट. डेकमध्ये शोधलं की डेक पिसावा लागतो, आणि पिसला की तळाशी टाकलेलं कार्ड पुन्हा गर्दीत मिसळतं. हातात अल्ट्रा बॉल आहे आणि त्याने काय आणायचं हे पक्कं ठरलंय, तर तो आधी खेळा. डेक एका कार्डाने हलका होतो, आणि नंतर ड्रॅकलोकने तळाशी टाकलेलं नको असलेलं कार्ड तळाशीच राहतं. उलट, काय आणायचं हे ठरलं नसेल तर आधी ड्रॅकलोक, मग अल्ट्रा बॉल. त्याला हातातली दोन कार्डं टाकावी लागतात, आणि काय टाकायचं हेही जास्त कार्डं बघितल्यावर चांगलं ठरतं.

कधी वरची दोन्ही कार्डं हवीशी असतात. एक हातात घेता, दुसरं नाइलाजाने तळाशी जातं. अशा वेळी हातात क्रिस्पिन असेल तर तो आता खेळा. क्रिस्पिन हा सपोर्टर (टर्नमध्ये एकच खेळता येणाऱ्या प्रकारचं कार्ड) दोन वेगवेगळ्या प्रकारच्या बेसिक एनर्जी शोधतो, एक हातात देतो, दुसरी थेट पोकेमॉनला लावतो, आणि शेवटी डेक पिसला जातो. तळाशी गेलेलं चांगलं कार्ड पुन्हा हाती लागण्याजोगं होतं. हातात आलेली एनर्जी त्या टर्नची नेहमीची एनर्जी म्हणून लावली, की रिकाम्या ड्रॅगापल्टचा हल्ला एकाच टर्नमध्ये तयार. म्हणूनच क्रिस्पिन खेळायच्या आधी हातातली एनर्जी लावून टाकू नका. एनर्जी टर्नमध्ये एकदाच लावता येते, ती घाईने दिली की परत येत नाही.

थोडक्यात, ज्याने माहिती मिळते आणि काही खर्च होत नाही ते आधी. जे टर्नमध्ये एकदाच करता येतं, म्हणजे सपोर्टर, एनर्जी, माघार, ते जितकं उशिरा जमेल तितकं उशिरा. याला अपवाद एकच, पण मोठा: हात टाकून किंवा पिसून नवी कार्डं देणारा सपोर्टर. तो खेळायच्या आधी हातातली वापरण्याजोगी कार्डं वापरून घ्या, नाहीतर ती गेली.

पहिल्या टर्नचेही नियम पक्के ठेवा. डाव सुरू करणाऱ्याला त्याच्या पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. दुसऱ्याला दोन्ही करता येतं. त्यामुळे समोरच्याकडे बड्यू हा पोकेमॉन असेल आणि तो दुसरा खेळत असेल, तर पहिल्याच टर्नला तो एनर्जीशिवाय हल्ला करून तुमच्या पुढच्या टर्नची आयटम कार्डं बंद करू शकतो. मग पॉफिन, अल्ट्रा बॉल, कँडी सगळं हातात अडकतं. बड्यूची शंका असेल तर पॉफिन पुढच्या टर्नसाठी राखू नका, पहिल्याच टर्नला ड्रीपी बेंचवर उतरवा. ड्रीपीची ताकद (किती इजेने बाद होतो तो आकडा) ७० असल्यामुळे पॉफिनने दोन एकदम येतात.

पाचवी पायरी: सहा प्राइझचा नकाशा

साधा पोकेमॉन बाद केला की एक प्राइझ, ईएक्स बाद केला की दोन, मेगा ईएक्स असेल तर तीन. सहा झाली की डाव संपला. चांगला खेळाडू दुसऱ्या-तिसऱ्या टर्नलाच ठरवतो की ही सहा प्राइझ कोणकोणत्या पोकेमॉनकडून घ्यायची. हाच नकाशा. तो नसेल तर माणूस समोर जे दिसेल त्याला मारत सुटतो.

ड्रॅगापल्टचा हल्ला समोरच्या ॲक्टिव्हला, म्हणजे पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला, २०० इजा करतो आणि त्याच्या बेंचवर हवे तसे ६ काउंटर, म्हणजे ६०, वाटतो. समजा समोर ॲक्टिव्हला २६० ताकदीचा ईएक्स आहे, त्याला अ म्हणू. बेंचवर २१० चा ईएक्स ब आणि दोन साधे बेसिक, एक ७० चा, एक ६० चा.

घाईचा खेळाडू पहिल्या हल्ल्यात ६ काउंटर ६० च्या बेसिकवर टाकतो आणि एक प्राइझ घेतो. समोरचा जखमी अ ला मागे घेतो, ब पुढे येतो. दुसऱ्या हल्ल्यात ब ला २०० बसतात, त्याचे १० उरतात. ६ काउंटरनी बेंचवरचा अ जातो. एकूण प्राइझ तीन. समोरच्याने ब तसाच पुढे ठेवला, तर तिसऱ्या हल्ल्यात तो बाद होतो आणि प्राइझ पाच होतात. पण ६ काउंटरनी ७० चा बेसिक १० ने वाचतो, म्हणून चौथा हल्ला लागतो.

आता थांबून खेळणारा. पहिल्या हल्ल्यात अ ला २००, एक काउंटर ब वर आणि उरलेले पाच ७० च्या बेसिकवर. प्राइझ शून्य. समोरचा तसाच अ मागे घेऊन ब पुढे आणतो. पण ब आता नेमका २०० वर आहे. दुसऱ्या हल्ल्यात ब जातो, ६ काउंटरनी बेंचवरचा अ जातो. एकदम चार प्राइझ. तिसऱ्या हल्ल्यात दोन बेसिकपैकी जो पुढे असेल तो २०० ने जातो आणि मागचा काउंटरनी. समोरच्याने नवीन काही उतरवलं नाही तर डाव तीन हल्ल्यांत संपला. फरक पडला तो ब वर ठेवलेल्या एका काउंटरने.

असे आकडे आधीच लिहून ठेवा. बेंचवर दोनदा ६० आणि मग २०० मिळून ३२० होतात, म्हणजे ३२० चा पोकेमॉन जातो आणि ३३० चा १० ने वाचतो. काउंटर ठेवणं म्हणजे "इजा करणं" नव्हे, हाही फरक लक्षात असू द्या. म्हणून बेंचवरच्या टेरा पोकेमॉनला असलेलं हल्ल्याच्या इजेपासूनचं संरक्षण या काउंटरना अडवत नाही.

नकाशा दोन्ही बाजूंनी काढायचा असतो. समोरचा तुमच्याकडून सहा कशी घेणार? तीन ईएक्स मारून, दोन-दोन-दोन. मध्ये तुम्ही एक साधा पोकेमॉन पुढे केला आणि त्याला तोच मारावा लागला, तर त्याचा हिशेब दोन-एक-दोन असा पाचवर अडतो आणि जादा हल्ला लागतो. गरज नसताना बेंचवर दोन प्राइझचा पोकेमॉन उतरवणं म्हणजे बॉसेस ऑर्डर्ससारख्या कार्डाने बेंचवरून पुढे ओढण्यासाठी सोपं लक्ष्य देणं. बेंचवर पाच जागा आहेत म्हणून पाचही भरू नका.

सहावी पायरी: सराव आणि वही

२०० पानी वही घ्या. प्रत्येक डावाला चार ओळी: समोरचा डेक कोणता, पहिले की दुसरे, पहिला हल्ला कितव्या टर्नला झाला, आणि हरलो असेन तर कोणता निर्णय वेगळा घेता आला असता. चौथी ओळ लिहिताना "कार्डं आली नाहीत" हे उत्तर चालेल, पण त्याच्यापुढे त्या कार्डाची शक्यता किती होती तो आकडा लिहायचा.

दहा डावांत सहा जिंकले म्हणून डेक चांगला असं धरू नका. अगदी बरोबरीच्या डेकनेही दहात सहा किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता ३८ टक्के आहे. एका विशिष्ट डेकविरुद्ध तरी वीस-तीस डाव झाल्याशिवाय मत बनवू नका, आणि मधूनमधून जोडीदाराशी डेक बदला. समोरच्याच्या डेकने खेळलात की त्याला कशाची भीती वाटते ते कळतं. ॲपवरचे डाव वेगाने होतात म्हणून उपयोगी आहेत, पण तिथे काउंटर मोजणं, प्राइझ उचलणं, डेक पिसणं सगळं आपोआप होतं. स्पर्धेआधी निदान काही संध्याकाळी खऱ्या कार्डांनी खेळा, नाहीतर टेबलावर हात अडखळतो.

स्पर्धेच्या दिवशी

तीन डावांच्या सामन्याला सहसा ५० मिनिटं असतात. वेळ संपली की चालू टर्न पूर्ण होतो आणि आणखी तीन टर्न मिळतात. तोवर एक-एक बरोबरी असेल आणि तिसरा डाव अपुरा राहिला, तर सामना अनिर्णित. जिंकल्यास तीन गुण, अनिर्णितला एक, म्हणजे दोन अनिर्णित सामने एका विजयापेक्षा कमी. म्हणून पहिला डाव पंचविसाव्या मिनिटाला स्पष्ट हरत असाल तर कार्डं गोळा करा आणि पुढच्या डावाला वेळ ठेवा. हा निर्णय घ्यायला नवख्यांना फार जड जातं. घरी घड्याळ लावून सराव केला असेल तर तो जमतो. हरलेल्याला पुढच्या डावात पहिलं खेळायचं की दुसरं हे निवडता येतं, तेव्हा ते उत्तर आधीच ठरवून ठेवा.

समोरच्याच्या टाकलेल्या कार्डांचा ढीग केव्हाही बघता येतो, त्याच्या हातात किती कार्डं आहेत हे विचारता येतं, टेबलावरचं अनोळखी कार्ड वाचायला मागता येतं. लाजू नका. त्याने बॉसेस ऑर्डर्स किती खेळून टाकलेत हे ढिगात दिसतं, आणि तुमचा जखमी ईएक्स बेंचवर किती सुरक्षित आहे हे त्यावरूनच ठरतं. नियमाची शंका आली तर हात वर करून पंचांना बोलवा, समोरच्याशी वाद घालू नका. आणि पिसण्याआधी कार्डं ढिगांत मांडून साठ आहेत का ते मोजा. ढिगांत मांडणं म्हणजे पिसणं नव्हे, त्यानंतर नीट पिसावं लागतं. मागच्या डावातलं प्राइझ टेबलावरच राहून एकोणसाठ कार्डांनी डाव सुरू होणं ही नवख्यांची फार सामान्य चूक आहे.

घरी आल्यावर वही उघडा. दोन-तीन सामन्यांत एकच कार्ड हातात निरुपयोगी पडून राहिलं असेल, तर आता ते बदला. एकाच वेळी एकच कार्ड, आणि त्याच्यापुढे तारीख घाला, म्हणजे पुढच्या वीस डावांनंतर फरक कशाने पडला ते सांगता येईल.